बिननावाचा बल्ब

सौदी अरेबियातल्या भाड्याच्या घरात बल्ब गेला, की पहिला प्रश्न वॅटचा नसतो, व्होल्टचा असतो. पुण्यात किंवा चिपळूणला हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची, दुकानात मिळणारा बल्बही त्याच व्होल्टचा. दुकानदाराला फक्त 'नऊ वॅटचा द्या' एवढं सांगितलं की काम झालं. जेद्दाह, दमाम, जुबैल, रियाध इथल्या जुन्या इमारतींत मात्र एकाच खोलीत दोन व्होल्टेज नांदत असतात. एसीला एक, टीव्हीला दुसरं. आणि छतातला दिवा यांपैकी कुठल्या घरचा, हे बाहेरून कळत नाही.

बल्बवर नीट अक्षरं असतील तर सगळं सोपं आहे. पंचाईत होते ती अक्षरं नसतात तेव्हा. आधीच्या भाडेकरूने लावलेला बल्ब, वर्षानुवर्षं तापून शाई उडालेली, काचेवर धुळीचा थर. हारिसला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला विचारावं तर तो खांदे उडवतो. रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरं नोकरीनिमित्त या देशात राहत आली आहेत आणि नव्या घरात शिरल्यावर पहिल्याच आठवड्यात हा प्रसंग बहुतेकांवर येतो. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहेच, पण बिननावाचा बल्ब ओळखण्याची रीत कुठल्याही देशात तीच आहे.

आधी दोन व्होल्टेजचा उलगडा करू. सौदीतल्या जुन्या वीजजोडणीत कुठलीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२७ व्होल्ट मिळतात आणि दोन फेजमध्ये २२० व्होल्ट. हे आकडे मनाने ठरवलेले नाहीत. थ्री-फेज विजेत दोन फेजमधलं व्होल्टेज हे फेज-न्यूट्रल व्होल्टेजच्या १.७३२ पट, म्हणजे तीनच्या वर्गमुळाइतकं असतं. १२७ ला १.७३२ ने गुणा, २२० येतात. आपल्याकडे हाच हिशेब २३० आणि ४०० असा आहे. फरक एवढाच की आपल्या घरात ४०० व्होल्टशी कुणाचा संबंध येत नाही, मोटारी-पंपांपुरते ते राहतात. सौदीत मात्र वरचा आकडाही घरातल्याच वापराचा आहे. बोलताना लोक १२७ ला सरसकट 'वन-टेन' म्हणतात. २०१० साली तिथल्या मंत्रिमंडळाने हा प्रकार हळूहळू बंद करून आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे २३०/४०० व्होल्टवर जाण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी तब्बल २५ वर्षांची मुदत ठरवली. म्हणजे नव्या वसाहतींत २३०, जुन्या वस्तीत १२७/२२०, आणि हा संक्रमणकाळ अजून सरलेला नाही.

जाता जाता फ्रिक्वेन्सीचंही सांगतो. सौदीची वीज ६० हर्ट्झची, शेजारच्या सगळ्या आखाती देशांची ५० हर्ट्झची. त्यामुळे हे देश विजेच्या जाळ्याने जोडायचे ठरले तेव्हा थेट तारा जोडणं शक्यच नव्हतं. जुबैलजवळ अल-फधिली इथे १,८०० मेगावॅट क्षमतेचं एक केंद्र उभारावं लागलं. तिथे एका बाजूची वीज आधी डीसी करतात आणि मग दुसऱ्या बाजूच्या फ्रिक्वेन्सीची एसी. २००९ पासून ते चालू आहे. बल्बला मात्र या ५०-६० च्या भानगडीचं काही देणंघेणं नाही. तारेच्या बल्बलाही नाही, एलईडीलाही नाही. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकला आणि गावाहून आणलेल्या पंख्याला ती जाणवते.

आता खरा सापळा. तिथले होल्डर आट्यांचे असतात, आपल्यासारखे दोन पिनांचे नाहीत. गावाहून येताना बॅगेत दोन-चार बल्ब टाकून आणणारे लोक आहेत. त्यांचा बी २२ टोपीचा, म्हणजे २२ मिलिमीटर व्यासाचा पिनांचा बल्ब तिथे बसतच नाही. एका अर्थी बरंच आहे, कारण न बसणारा बल्ब घात करत नाही. घात करतो तो बसणारा. सौदीतला नेहमीचा होल्डर ई २७, म्हणजे एडिसनच्या पद्धतीच्या आट्यांचा, २७ मिलिमीटर व्यासाचा. अमेरिकेतला होल्डर ई २६. मिलिमीटरभराच्या फरकाने अडत काहीच नाही, एकाचा बल्ब दुसऱ्यात आरामात फिरतो. त्यामुळे १२० व्होल्टचा अमेरिकन बल्ब, १२७ चा स्थानिक बल्ब आणि २२० चा बल्ब हे तिघेही एकाच होल्डरमध्ये घट्ट बसतात. होल्डर तुम्हाला टोपीचं माप सांगतो, व्होल्टेजबद्दल चकार शब्द काढत नाही.

चूक झाली तर काय होतं? १२७ व्होल्टचा तारेचा बल्ब २२० वर लावला तर तार जवळजवळ तिप्पट वीज ओढू पाहते, कारण वॅट हे व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात आणि १.७३२ चा वर्ग तीन. लख्खकन निळसर-पांढरा उजेड पडतो आणि बल्ब उडतो. कधी काचही फुटते. उलट, आपला २३० चा साठ वॅटचा बल्ब अॅडॉप्टर लावून १२७ वर लावला तर तो तांबूस, मरगळलेला पेटतो. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज निम्म्याच्या थोडं वर असलं तरी उजेड साधारण सात-आठ हिश्शांतला एक हिस्सा उरतो. धोका नाही, पण वाचायला बसलात तर डोळे दुखतील. एलईडीचं गणित निराळं. तिच्या पोटात छोटं सर्किट असतं. टोपीवर '१००-२४०' असं लिहिलेली एलईडी दोन्हीकडे चालते, '२२०-२४०' वाली १२७ वर एक तर पेटत नाही, नाहीतर लुकलुकते.

तेव्हा बिननावाचा बल्ब हातात घेतल्यावर आधी तो खरंच बिननावाचा आहे का ते पाहा. वीजपेटीतूनच त्या दिव्याची वीज तोडून, बल्ब गार झाल्यावर काढा आणि काच तिरप्या उजेडात धरून सावकाश फिरवा. समोरून न दिसणारा छाप तिरका दिसतो. नाहीच दिसला तर काचेवर तोंडाची वाफ सोडा. जिथे एकेकाळी शाई होती तिथे वाफ वेगळी धरते आणि क्षणभर आकडे उमटतात. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे ही युक्ती वापरत. टोपीच्या धातूवर, आट्यांच्या वरच्या कडेलाही कोरलेलं काही असू शकतं. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहा.

अक्षरं मिळाली नाहीत तरी मेलेला बल्ब पुष्कळ काही सांगतो. काच आतून काळपट झाली असेल तर तो म्हातारपणाने गेला. तारेतलं टंगस्टन वर्षानुवर्षं वाफ होऊन काचेवर बसलेलं असतं. म्हणजे व्होल्टेज बरोबर होतं, तसाच आणायचा. आतून दुधट पांढरा थर दिसला तर काचेला कुठेतरी चीर जाऊन हवा शिरली आणि तापलेली तार जळून तिचं ऑक्साइड झालं. आणि काच जवळजवळ स्वच्छ, पण तार तुटून टोकांना वितळल्याचे गोळे आलेले, शेजारी काळा फराटा, असं असेल तर संशय घ्या, जास्त व्होल्टेजचा. नव्या घरातला बल्ब असा गेला असेल तर कुणीतरी तुमच्याआधीच चूक केली आहे, आणि त्याच व्होल्टचा आणाल तर तुम्हीही कराल. एलईडीच्या बाबतीत पांढरा घुमट हलकेच काढून पाहिला, की पिवळ्या ठिपक्यांपैकी एखाद्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसतो. बहुतेक बल्बांत ठिपके एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की सगळी माळ विझते. यात दोष होल्डरचा नाही, बल्बचाच.

मग टोपी मोजा. शाळेची पट्टी पुरते. आट्यांचा बाहेरचा व्यास २७ मिलिमीटर म्हणजे ई २७. १४ म्हणजे ई १४. झुंबरातले मेणबत्तीच्या आकाराचे बल्ब, फ्रिजचा बल्ब बहुधा याच मापाचे. मजलिसमधली, म्हणजे बैठकीच्या खोलीतली झुंबरं मात्र जपून तपासा. अमेरिकन बनावटीच्या झुंबरात ई १२ चा होल्डर असतो आणि दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला सहज फसवतो. आटे नसून दोन खुंट्या असतील तर त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर हेच त्यांचं नाव. १० मिलिमीटरवर दोन जाड, टोकाला गोळा असलेल्या खुंट्या म्हणजे जीयू १०. हा घरच्या विजेवरच चालतो आणि पाव वळण देऊन निघतो. ९ मिलिमीटरवर तारेचे दोन फास म्हणजे जी ९, हाही घरच्या विजेवरचा, आणि म्हणून १२७ की २२० हा प्रश्न इथेही लागू. ५.३ किंवा ४ मिलिमीटरवर दोन बारीक सुया असतील तर थांबा. ते बल्ब जवळजवळ नेहमीच १२ व्होल्टचे असतात आणि फॉल्स सीलिंगच्या वर कुठेतरी त्यांचा ट्रान्सफॉर्मर दडलेला असतो. तिथे एलईडी आणून बसवली आणि ती लुकलुकली, तर बल्बला शिव्या देऊ नका. जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर ५० वॅटच्या हॅलोजनसाठी बनवलेला असतो, पाच वॅटच्या ओझ्याला तो नीट सुरूच होत नाही. ट्रान्सफॉर्मरही बदलावा लागतो.

हॅलोजनच्या उघड्या कॅप्सूलला बोटं लावायची नाहीत. बोटाचा घाम आणि तेल तापल्यावर क्वार्ट्झ काचेला खातं. कागदात धरून बसवा.

आता व्होल्टेज. टोपी कळली तरी तो प्रश्न उभाच आहे आणि त्याचं उत्तर बल्बमध्ये नसून वीजपेटीत आहे. पेटीचं दार उघडा आणि त्या खोलीच्या दिव्यांचा एमसीबी शोधा; एकेक पाडून पाहिलं की सापडतो. दिव्यांचा एमसीबी एकेरी असेल आणि घर जुनं असेल, तर बहुधा तिथे फेज-न्यूट्रल म्हणजे १२७ आहे. एकाच दांडीने जोडलेला दुहेरी असेल तर दोन फेज, म्हणजे २२०. नवं २३० व्होल्टचं घर असेल तर एकेरी एमसीबीवरही २३० असू शकतात. म्हणून घराचं वय आणि शेजारच्या चालू दिव्यांवरचे आकडे या दोन्हींचा ताळा घ्यावा. पक्कं उत्तर हवं तर मल्टीमीटर, तोही हात बसलेल्या माणसाच्या हातात. एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० च्या रेंजवर ठेवून होल्डरचा मधला पत्रा आणि आट्यांची बाजू यांच्यात मोजायचं.

इथे एक गोष्ट सावकाश समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडून गेलेल्या माणसाची सवय तिथे त्याच्या जिवावर उठू शकते. आपल्याकडे बल्बच्या दोन तारांपैकी एकीत फेज, दुसरीत न्यूट्रल. टेस्टर एकीवर पेटतो, दुसरीवर पेटत नाही. भिंतीवरचं बटण फेज तोडतं, ते बंद केलं की होल्डरमध्ये जीव उरत नाही. निदान वायरिंग नीट असेल तर उरत नाही. सौदीतल्या दोन-फेजवाल्या २२० च्या दिव्यात दोन्ही तारा जिवंत असतात. टेस्टर दोन्हीवर पेटतो. भिंतीवरचं बटण एकेरी असेल, आणि जुन्या घरांत ते पुष्कळदा तसंच असतं, तर ते दोनांपैकी एकच तार तोडतं. दिवा विझतो, पण दुसरी तार होल्डरपर्यंत जिवंतच राहते आणि तिच्यावर जमिनीच्या मानाने १२७ व्होल्ट असतात. आट्यांच्या होल्डरमध्ये ही तार मधल्या पत्र्याला आली असेल किंवा बाहेरच्या आट्यांना. आट्यांना असेल तर बल्ब फिरवताना बोट धातूला टेकायचा अवकाश. 'बटण बंद केलंय ना' हे वाक्य तिथे पुरेसं नाही. एमसीबी पाडा, तोही दुहेरीच आहे ना याची खात्री करा, आणि मग टेस्टरने दोन्ही टोकं तपासा. शिडी लाकडी किंवा फायबरची घ्या. पाय ओले नकोत.

याच दोन-फेज प्रकाराने आणखी एक कोडं सुटतं. रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी मंद चमकत राहते आणि घरात भुताटकीच्या गप्पा सुरू होतात. बटण एकेरी असल्याने एक फेज बल्बपर्यंत पोचलेलीच असते. दुसऱ्या तुटलेल्या तारेत शेजारच्या तारांमुळे किंवा बटणातल्या छोट्या निऑन दिव्यातून किंचित वीज झिरपते. तारेच्या बल्बला तेवढ्याने काही होत नाही, एलईडीला तेवढी पुरते. नव्या बल्बांनी घरं भरू लागली तसं हे दिसू लागलं, पण कारण जुन्या वायरिंगमध्ये होतं. दुहेरी बटण बसवलं की बहुधा चमक जाते.

ड्रॉवरमध्ये पडलेला, चालू स्थितीतला पण अक्षरं नसलेला तारेचा बल्ब कुठल्या व्होल्टचा, हे विजेला न जोडताही काढता येतं. मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि टोपीच्या मधल्या ठिपक्याला व आट्यांना टेकवा. २३० व्होल्टच्या साठ वॅटच्या बल्बची तार थंड असताना साठ-पासष्ट ओहमच्या आसपास दाखवते. १२०-१२७ वाल्या साठ वॅटची वीसच्या आतबाहेर. गणिताने २३० चा वर्ग भागिले ६० केलं तर ८८२ ओहम येतात, मग मीटरवर इतके कमी का? कारण ते ८८२ पेटलेल्या तारेचे आहेत. तापलेल्या टंगस्टनचा रोध थंडपणीच्या दहा-पंधरा पट होतो. म्हणूनच बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणीच उडतो. थंड तार पहिल्या क्षणी भरमसाट करंट ओढते आणि जिथे ती सर्वांत बारीक झालेली असते तिथे तुटते. ही मोजणी एलईडीला आणि सीएफएलला लागू पडत नाही. उडालेल्या बल्बवरही मीटर काही दाखवणार नाही. झुंबरातला त्याचा जिवंत भाऊ काढून मोजा.

वॅटचा विचार आता शेवटी. जुन्या साठ वॅटच्या जागी किती वॅट, असं विचारण्यापेक्षा खोक्यावर ल्युमेन पाहावेत. साठ वॅटचा तारेचा बल्ब सातशे-आठशे ल्युमेन देतो, तेवढे आठ-नऊ वॅटची एलईडी देते. दिव्याच्या वाटीच्या आत बहुधा 'जास्तीत जास्त ४० वॅट' किंवा 'जास्तीत जास्त ६० वॅट' अशी चिठ्ठी असते. ती मर्यादा उष्णतेची आहे, आणि अक्षरं नसलेल्या बल्बचं कोडं सोडवताना ती आयता पुरावाही आहे. एलईडी ही मर्यादा ओलांडत नाही. पण तिचा स्वतःचा शत्रू उष्णताच. आतल्या सर्किटमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मं होतं. रियाधच्या उन्हाळ्यात फाटकावरच्या बंद काचेच्या दिव्यात पारा काय होत असेल याची कल्पना करा. तिथे स्वस्त एलईडी वर्षही काढत नाही. बंद दिव्यासाठी चालेल असं खोक्यावर लिहिलेली, कमी वॅटची घ्यावी आणि धूळ-पावसापासून बचावासाठी आयपी ६५ ची खूण पाहावी. ओव्हनमध्ये तर एलईडी अजिबात नको. तिथे ३०० अंश सहन करणारा खास ओव्हनचाच बल्ब.

ट्यूबलाइटला अक्षरांची गरजच पडत नाही, तिची लांबी बोलते. २६ मिलिमीटर जाडीची दोन फुटी १८ वॅटची, चार फुटी ३६ ची. भिंतीवरच्या जुन्या प्रखर हॅलोजनच्या दोन टोकांच्या नळ्या ७८ किंवा ११८ मिलिमीटरच्या.

दुकानात जाताना जुना बल्ब बरोबर न्या. 'लम्बा' म्हटलं की कळतं. उजेड पांढरा हवा तर 'अब्यद', पिवळा हवा तर 'अस्फर'. गल्ल्यावर केरळचा किंवा बांगलादेशचा माणूस असला तर हिंदीतच निभावतं. खोक्यावर सासो, म्हणजे सौदी मानक संस्थेचं ऊर्जा लेबल आहे का पाहा आणि ज्यावर व्होल्टेज छापलेलंच नाही असा बल्ब फुकट मिळाला तरी घेऊ नका. माझं मत विचाराल तर जुन्या घरासाठी '१००-२४०' वालीच एलईडी घ्यावी. चार रियाल जास्त पडले तरी चालतील, १२७ की २२० हा वादच मिटतो.

बसवताना आटे वाकडे धरू नयेत आणि जोर लावू नये; टेकला की आणखी हलकासा पिळा, बस्स. जुना बल्ब काढतानाच काच हातात आली आणि टोपी आत राहिली, तर एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, बारीक नाकाच्या पकडीने टोपीची कड आतून धरून डावीकडे फिरवा. फुटलेला सीएफएल असेल तर खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर थांबा आणि तुकडे पुठ्ठ्याने व चिकटपट्टीने उचला. झाडू किंवा व्हॅक्यूम नको, आतला थोडासा पारा त्याने हवेत पसरतो.

नवा बल्ब लावल्यावर एक काम करा. वीजपेटीच्या दाराला आतून कागद चिकटवा आणि त्यावर खोलीवार लिहा: दिवाणखाना २२०, दोन फेज, ई २७, मोरी १२७, ई १४, बैठकीचं झुंबर १२७, ई १२. बल्बच्या टोपीवरही मार्करने व्होल्ट आणि महिना लिहून ठेवा. घर सोडताना तो कागद काढू नका. पुढे येणारं बिऱ्हाड चिपळूणचं असो की कालिकतचं, आकडे सगळ्यांना वाचता येतात.